पिवळे कार्ड आणि विम्याचा कागद : प्रवाशाची जोखीम कोणाच्या डोक्यावर?

१/ मुंबईहून नैरोबीला सहलीसाठी निघालेल्या पर्यटकाजवळ पासपोर्टाखेरीज आणखी दोन कागद असतात. एक, पीतज्वराची लस टोचल्याचे पिवळे कार्ड. दुसरा, प्रवासविम्याची पॉलिसी. बहुतेकांच्या लेखी दोन्ही म्हणजे सहलीआधीची कटकट. इतिहासात डोकावले तर मात्र हे दोन कागद एका फार जुन्या भांडणातून निघालेली तडजोड आहेत, असे दिसते. भांडण असे : प्रवास एकजण करतो, त्यातून अनर्थ ओढवला, तर त्याची किंमत कोणी मोजायची? हा थ्रेड त्या भांडणाचा आहे.

२/ सर्वांत जुने उत्तर होते दार लावून घेण्याचे. एड्रियाटिक किनाऱ्यावरच्या रागूझा नगराने (आजचे दुब्रोव्हनिक) १३७७ मध्ये प्लेगग्रस्त प्रदेशातून येणाऱ्यांना तीस दिवस नगराबाहेर थांबण्याचा नियम केला. पुढे तीसाचे चाळीस दिवस झाले आणि इटालियन भाषेतील ‘चाळीस’वरून ‘क्वारंटाइन’ हा शब्द जगभर गेला. आजारी आणि धडधाकट यांत भेद करण्याचे साधनच हाती नव्हते. म्हणून संशय सर्वांवर आणि शिक्षाही सर्वांना. नासलेला माल, बुडालेला व्यवहार, सरलेला शिधा यांचा भार ज्याच्या त्याच्या नशिबावर.

३/ आर्थिक जोखमीचा विचार मात्र त्याहून कितीतरी आधी झालेला होता. कौटिल्याचे अर्थशास्त्र आणि याज्ञवल्क्यस्मृती या दोन्ही ग्रंथांत रानावनांतून जाणाऱ्या व्यापाऱ्याला कर्जावर दरमहा शेकडा दहा, तर समुद्रावर जाणाऱ्याला शेकडा वीस असा व्याजदर सांगितला आहे. दर अफाट वाटतो, पण त्यामागचा हिशेब स्वच्छ आहे : वाट जितकी धोक्याची, तितकी धन्याने धोक्याची किंमत अधिक लावायची. विम्याच्या हप्त्यामागचे तत्त्व याहून निराळे नाही.

४/ पश्चिम किनाऱ्यावरील सावकारांनी हाच विचार पुढे नेला. त्यांच्या व्यवहारातील ‘जोखमी हुंडी’ ही हुंडीही होती आणि विमाही. माल ठरल्या बंदरी सुखरूप पोहोचला तरच हुंडीचे पैसे द्यायचे; गलबत बुडाले तर हुंडीही बुडाली. ‘विमा’ हा शब्द फारसी ‘बीमा’वरून आला आणि त्याच्या मुळाशी आहे ‘बीम’, म्हणजे भय. भयाला भाव ठरवून ते अनेकांत वाटून घेणे, इतकाच या शब्दाचा अर्थ. फरक एवढाच, की वाटले जाणारे भय मालाचे होते. तांडेल, खलाशी आणि उतारू यांच्या जिवाचा भाव त्या कागदावर कोठेही नसे.

५/ माणसाच्या प्रवासाचा विमा सर्वसामान्यांच्या हाती आला तो आगगाडीमुळे. १८४९ मध्ये लंडनमध्ये ‘रेल्वे पॅसेंजर्स अॅश्युरन्स कंपनी’ स्थापन झाली. गाडीच्या तिकिटाबरोबर खिडकीवरच अपघातविम्याचे तिकीट मिळू लागले. पहिल्या वर्गाच्या उतारूने तीन पेन्स भरले, तर मृत्यू ओढवल्यास वारसांना एक हजार पौंड. दुसऱ्या वर्गाला दोन पेन्समध्ये पाचशे. तिसऱ्या वर्गाला एका पेनीत दोनशे. आजच्या प्रवासविम्याचे पूर्वरूप येथे स्पष्ट दिसते : अल्प मुदत, एकच प्रवास, ठरलेली भरपाई.

६/ त्याच तिकिटात आणखी एक गोष्ट दिसते. एका गाडीत, एकाच अपघातात दगावलेल्या तिघांच्या जिवांचे तीन निरनिराळे भाव. भारतात तर रंगाचाही भाव लागत असे. युरोपीय आयुर्विमा कंपन्या हिंदी माणसाचे आयुष्य कमी प्रतीचे समजून त्याच्याकडून जादा हप्ता घेत. १८७० मध्ये स्थापन झालेल्या ‘बॉम्बे म्युच्युअल’ने हिंदी लोकांचा विमा नेहमीच्या दराने उतरवायला आरंभ केला, ही म्हणूनच मोठी घटना ठरते. जोखीम वाटून घेण्याची कल्पना न्यायाची असली, तरी वाटप करणारे हात न्यायी असतीलच असे नाही. हा धागा पुढेही सुटत नाही.

७/ वाफेच्या युगाने रोगाचाही वेग वाढवला. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला. त्यापूर्वीच, १८६५ च्या हजयात्रेत पटकीने हजारो यात्रेकरूंचा बळी घेतला होता आणि परतणाऱ्या जहाजांबरोबर ती साथ युरोप-अमेरिकेपर्यंत गेली. दुसऱ्याच वर्षी कॉन्स्टँटिनोपलला आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली आणि बोट हिंदुस्थानाकडे, विशेषतः येथून निघणाऱ्या यात्रेकरूंकडे रोखले गेले. त्या यात्रेकरूंचे मुख्य बंदर होते मुंबई.

८/ १८८२ पासून तांबड्या समुद्रातील कामरान बेटावर तुर्की सरकारचे विलगीकरण केंद्र सुरू झाले. हिंदुस्थानातून गेलेल्या हाजींना तेथे उतरावे लागे, दिवस काढावे लागत आणि त्याचे शुल्कही त्यांच्याच खिशातून जाई. कित्येकांची गाठीची रक्कम जाताना किंवा परतताना संपून जाई आणि ते जेद्दात अडकून पडत. १८८६ मध्ये सरकारने हजयात्रेच्या वाहतुकीची व्यवस्था ‘थॉमस कुक’ या प्रसिद्ध पर्यटन कंपनीकडे सोपवून पाहिली. ती व्यवस्था काही वर्षांतच संपली. अखेरीस १९२५ च्या कायदादुरुस्तीने यात्रेकरूने परतीचे तिकीट आधीच काढावे, नाहीतर तेवढी रक्कम जमा ठेवावी, असे बंधन आले.

९/ आजच्या पॉलिसीत ‘मायदेशी परत आणण्याचा खर्च’ हे कलम असते. त्याचे ओबडधोबड पूर्वरूप म्हणजे ते परतीचे तिकीट. त्याकडे दोन बाजूंनी पाहता येते. परमुलखात बेवारस पडण्यापासून यात्रेकरूचे रक्षण झाले, हे खरे. आणि ज्याच्याजवळ एकरकमी पैसे नाहीत अशा गरिबाची यात्रा त्यामुळे अडली, हेही तितकेच खरे. संरक्षण आणि अडवणूक यांची सीमारेषा प्रवासाच्या इतिहासात नेहमीच पुसट राहिली आहे.

१०/ सप्टेंबर १८९६. मुंबईच्या मांडवी भागातील रोग्यांत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीच्या प्लेगचे निदान केले. दोन वर्षांपूर्वी हाँगकाँगमध्ये भडकलेला हा रोग समुद्रमार्गाने आला असावा, असे मानले जाते. पाहता पाहता शहर ओस पडू लागले. सुमारे आठ लाखांच्या मुंबईतील जवळपास निम्मे लोक पुढील काही महिन्यांत मिळेल त्या गाडीने, होडीने, पायी बाहेर पडले. जीव वाचवण्यासाठी केलेला तो प्रवास होता. पण त्याच प्रवासाबरोबर प्लेग घाटावर चढला.

११/ किंमत कोणी मोजली? जे कोठेही गेले नव्हते त्यांनी. पुण्याजवळ प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. साथीच्या इतिहासात हे पुन्हा पुन्हा दिसते. रोग नेतो प्रवासी. त्याचा भार उचलतात ते घरचे, शेजारचे आणि सेवा करणारे. म्हणूनच प्रवाशाने घ्यायची लस ही त्याची खासगी बाब आहे, हे म्हणणे इतिहासापुढे टिकत नाही.

१२/ सरकारचे उत्तर होते ४ फेब्रुवारी १८९७ चा साथरोग कायदा. रेल्वेने वा अन्य मार्गाने प्रवास करणाऱ्यांची तपासणी आणि संशयितांना वेगळे ठेवणे, हे अधिकार त्यात स्पष्ट शब्दांत आले. मुंबई आणि कराचीहून हजला जाणे बंद झाले. त्याच सुमारास व्हेनिसला भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत युरोपीय राष्ट्रे हिंदुस्थानचा माल आणि माणसे यांवर निर्बंधांची चर्चा करीत होती. स्थानकांवर उतारूंना खाली उतरवून काखा-जांघा तपासल्या जाऊ लागल्या. तिसऱ्या वर्गाच्या वाट्याला आलेली झडती पहिल्या वर्गाच्या वाट्याला तशी आली नाही.

१३/ या तपासण्यांनी, आणि पुण्यात सोजिरांकडून झालेल्या घरझडत्यांनी, जो संताप पेटला त्याचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर झाला. रँडच्या वधाची कथा महाराष्ट्रातील प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. तिच्यामागची एक बाजू सहसा दुर्लक्षित राहते. निरोगी कोण आणि रोगी कोण, हे ओळखण्याचे विश्वासार्ह साधन हाती नसलेल्या सत्तेने सरसकट प्रत्येक देहालाच संशयित ठरवले होते. रागूझाचा तोच जुना नियम. आता त्याच्या हाती बंदूकही होती.

१४/ त्याच महिन्यांत मुंबईतच दुसरे उत्तर घडत होते. ओडेसात जन्मलेले वाल्डेमार हाफकिन यांनी पॅरिसच्या पाश्चर संस्थेत पटकीची लस तयार केली होती आणि ती ते हिंदुस्थानात वापरत होते. प्लेग येताच ते मुंबईत आले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात मिळालेल्या तुटपुंज्या जागेत त्यांनी प्लेगवरची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिली मात्रा स्वतःच्या शरीरात टोचून घेतली. नंतर भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर चाचणी झाली. परळची आजची हाफकिन संस्था ही त्या कामाची वारस.

१५/ लसीबरोबर आला दाखला. टोचणी घेतलेल्यांना अनेक ठिकाणी छावण्यांतील सक्तीच्या मुक्कामातून सूट मिळू लागली. वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या या सवलतीत एक मोठे स्थित्यंतर आहे. यापूर्वी प्रवाशाला प्रश्न असे : ‘तू कोठून आलास?’ आता प्रश्न झाला : ‘तू काय काळजी घेतलीस?’ गाव, जात, वर्ग, रंग यांपैकी काहीच माणसाच्या हाती नसते. टोचून घेणे मात्र हाती असते. आज विमानतळावर कंटाळून पुढे केल्या जाणाऱ्या कार्डाचे मूळ मूल्य हेच आहे.

१६/ मात्र ही वाट निष्कंटक नव्हती. १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल गावी प्लेगची लस टोचलेल्या १९ जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला. ठपका हाफकिन यांच्यावर आला, पद गेले. पुढे १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले. दूषितपणा गावात बाटली उघडतेवेळी शिरला असावा, असे दिसून आले. पीतज्वराच्या लसीलाही असेच गालबोट आहे. १९४२ मध्ये तिच्यातील मानवी रक्तद्रवातून काविळीचा विषाणू पसरून सुमारे ५० हजार अमेरिकी सैनिक आजारी पडले. त्यानंतर तो रक्तद्रव वापरणेच बंद झाले. या चुका उघडपणे मांडल्या गेल्या म्हणून लसी सुधारल्या. त्या लपवून कोणाचा विश्वास मिळत नसतो.

१७/ पीतज्वराच्या कथेत भारताचे स्थान विलक्षण आहे. हा रोग डासामुळे पसरतो, असे क्यूबाचे कार्लोस फिनले यांनी १८८१ मध्ये मांडले. १९०० मध्ये वॉल्टर रीड यांच्या पथकाने ते सिद्ध केले. १९१४ मध्ये पनामा कालवा खुला झाला, तेव्हा आशियात धास्ती पसरली : रोग आता थेट जहाजाने येणार. कारण तो पसरवणारा एडिस डास येथे घरोघरी आहे, रोग मात्र नाही. डेंग्यू पसरवणारा हाच तो डास. वाळलेले गवत पसरलेले आहे आणि ठिणगी तेवढी पडलेली नाही, अशी ही अवस्था आजही कायम आहे.

१८/ मॅक्स थायलर यांच्या चमूने १९३७ मध्ये ‘१७-डी’ ही लस सिद्ध केली. १९५१ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. विमानप्रवासाच्या आरोग्यनियमांचा पहिला आंतरराष्ट्रीय करार १९३३ मध्ये हेग येथे झाला आणि १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सर्व नियम एकत्र बांधले. आजचे पिवळे कार्ड त्याच परंपरेतले. टोचल्यानंतर दहा दिवसांनी ते लागू होते आणि ११ जुलै २०१६ पासून ते आजन्म ग्राह्य आहे. रोगग्रस्त देशांतून कार्डाविना येणाऱ्याला भारत सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतो. चाळिसाचे सहा झाले, ही विज्ञानाची कमाई.

१९/ कागद आणि वस्तुस्थिती यांत अंतर पडले की काय होते, हे १९७२ मध्ये युगोस्लाव्हियाने पाहिले. यात्रेहून परतलेल्या एका प्रवाशाबरोबर देवीचा रोग आला. प्रवासापूर्वी त्याला लस टोचलेली होती, पण ती लागू पडलेली नव्हती. १७५ जणांना लागण झाली, ३५ दगावले आणि सुमारे १ कोटी ८० लाख लोकांना लस टोचावी लागली. त्या प्रवाशाचा यात दोष नव्हता. पण जो जाणूनबुजून न टोचताच खोटे कार्ड विकत घेतो, त्याला काय म्हणावे? तो स्वतःची जोखीम गुपचूप लक्षावधी अनोळखी माणसांच्या डोक्यावर ठेवून विमानात बसतो.

२०/ आणि प्रामाणिक कागदाचे फळ काय, हेही त्याच रोगाने दाखवले. मे १९८० मध्ये देवीचे उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले आणि लवकरच देवीच्या लसीचा दाखला प्रवासातून हद्दपार झाला. पटकीच्या लसीने साथ सीमेवर थोपत नाही हे कळल्यावर तिच्या दाखल्याची आंतरराष्ट्रीय अट १९७३ मध्येच रद्द झाली होती. म्हणजे हे कागद काही ब्रह्मलिखित नव्हेत. शास्त्राचा आधार आहे तोवर ते मागावेत, तो सरला की फाडून टाकावेत. शास्त्राचा आधार नसलेला दाखला ही रागूझाची भिंतच, फक्त कागदी.

२१/ अशी भिंत अलीकडेच उभी राहिली होती. २०२१ च्या आरंभी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनलेल्या कोव्हिशील्डच्या ५० लाख मात्रा ब्रिटनने स्वतःच्या नागरिकांसाठी नेल्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मात्र ती लस भारतात घेतलेल्या प्रवाशांना न टोचलेले समजून दहा दिवस विलगीकरणात ठेवण्याचा नियम ब्रिटनने केला. भारताने ४ ऑक्टोबरपासून ब्रिटिश प्रवाशांना तोच न्याय लावला. ११ ऑक्टोबरपासून ब्रिटनने अट मागे घेतली. एकाच कुपीतील औषध दंडात कोणत्या देशात टोचले, यावर त्याची पत ठरली. ‘तू कोठून आलास?’ हा जुना प्रश्न अजून मेलेला नाही, याचा हा पुरावा.

२२/ लशीचे कार्ड इतरांना प्रवाशापासून वाचवते, तर विम्याची पॉलिसी प्रवाशाच्या संकटापासून इतरांना वाचवते. परदेशी रुग्णालयाचे बिल, विमानाने रुग्णाला हलवण्याचा खर्च, प्रसंगी पार्थिव परत आणण्याचा खर्च. विमा नसेल तर हे सारे येते ते आईवडिलांच्या ठेवींवर, नातेवाइकांच्या उसनवारीवर, अनोळखी लोकांच्या वर्गणीवर. शेंगेन देश २००४ पासून व्हिसासाठी किमान ३० हजार युरोंचे वैद्यकीय कवच मागतात, त्यामागचा विचार हाच. तरीही अनेक प्रवासी सर्वांत स्वस्त पॉलिसी घेऊन जुना आजार अर्जात दडवतात. असा विमा व्हिसा मिळवून देतो. दाव्याच्या वेळी मात्र तो जोखमी हुंडीसारखा गलबताबरोबर बुडतो.

२३/ तेव्हा उत्तर कोणते? लस टोचून घ्यावी, वेळेत घ्यावी, खरी घ्यावी. विमा उतरवावा, अटी वाचून उतरवावा, खरे सांगून उतरवावा. आणि त्याच वेळी दाखला मागणाऱ्या सत्तेला खडसावून विचारावे : ही अट शास्त्राची की भयाची? हीच अट पहिल्या वर्गालाही आहे ना? ज्याला परवडत नाही, त्याची सोय काय? १८९७ च्या पुणेकरांचा राग या प्रश्नांसाठी रास्त होता. लसीवर काढलेला राग मात्र चुकीच्या जागी पडला होता; अपमान करणारी झडती आणि त्या झडतीतून सोडवणारी टोचणी यांत फरक करायला हवा होता.

२४/ पीतज्वराची लस मिळण्याच्या मुंबईतील अधिकृत केंद्रांत एक नाव आहे ग्रँट मेडिकल कॉलेज, जे. जे. रुग्णालय, भायखळा. आफ्रिकेच्या सहलीआधी तेथे रांगेत उभ्या राहणाऱ्या तरुणाला बहुधा ठाऊक नसते, की याच आवारात जानेवारी १८९७ मध्ये एका परदेशी माणसाने लोकांना टोचण्याआधी स्वतःला टोचून घेतले होते. आपल्या कामाची जोखीम आधी आपल्या अंगावर, मग इतरांच्या. प्रवाशाकडून पिवळे कार्ड आणि विम्याचा कागद मिळून एवढेच मागतात.